माळ्यावरचे बूट आणि लोखंडी ड्यूक

आमच्या लष्करातल्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक काळी पेटी वर्षानुवर्षे पडून होती. तिच्यात काय आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण ती उघडण्याचे कारण कोणास पडत नसे. आत गुडघ्याखालपर्यंत येणारा काळ्या कातड्याचा इंग्रजी बुटांचा एक जोड, त्याच्या वरच्या काठाला चार बोटे रुंदीची तपकिरी पट्टी, आणि बुटांच्या पोटात त्यांचा आकार धरून ठेवण्यासाठी घातलेले लाकडी पाय. हे पाय अखंड नव्हते. पुढचा तुकडा, मागचा तुकडा आणि मध्ये ठोकायची पाचर अशी त्यांची रचना होती. इंग्रजांनी १८८६ साली मोरारची छावणी शिंदे सरकारांच्या हवाली केली, तेव्हा जाणाऱ्या कोणा गोऱ्या अंमलदाराच्या सामानाच्या लिलावात आमच्या पणजोबांनी तो जोड घेतला, असे घरात सांगत. पणजोबा तेव्हा ऐन पंचविशीच्या अलीकडे होते. घोड्यावर बसण्याचा त्यांना भारी नाद. घरी आल्यावर बूट चढवू लागले तो पाऊल गेले, घोटा गेला, पण पोटरी काही आत शिरेना. पैसे मोजून झाले होते. बूट पेटीत गेले ते गेलेच. घरात त्या जोडाला विलिंग्टन म्हणत. पणजोबांची फजिती सांगायची झाली की विलिंग्टनची गोष्ट निघे.

याच घरात दुसरे एक नाव होते, ते मात्र हसण्यावारी नेण्याचे नव्हते. ते म्हणजे वेलस्ली. पणजोबांचे पणजोबा दौलतराव शिंद्यांच्या तोफखान्यावर कारकून होते. ते १८०३ च्या भाद्रपद-आश्विनात असईच्या लढाईस गेले आणि परत आले नाहीत. आमची आजी पितृपक्षात त्यांचे नाव घेई आणि लगेच त्या वेलस्लीचे तळपट होवो असेही म्हणे. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस, त्याचे आणखी काय तळपट व्हायचे राहिले होते कोण जाणे. पण आजीच्या लेखी तो जिवंतच होता.

मी शाळेत असताना इतिहासाच्या मास्तरांनी एके दिवशी सहज सांगितले की, असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा वेलस्ली आणि पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन हा एकच माणूस. वर्गातल्या इतर मुलांना त्यात विशेष काही वाटले नाही. मला मात्र दरदरून घाम फुटला. ज्याने आमचा माणूस मारला त्याचे बूट आम्ही माळ्यावर जपून ठेवले आहेत, असा माझ्या बालबुद्धीने अर्थ लावला. घरी येऊन मी हे कोणालाही सांगितले नाही. आजी गेली तोपर्यंत सांगितले नाही. पुढे कळले की ते बूट त्याचे नव्हतेच, इतकेच नव्हे तर ज्या घाटाच्या बुटाला विलिंग्टन म्हणतात त्या घाटाचेही नव्हते. ते होते खोकडाच्या शिकारीचे बूट. पण तोवर त्या माणसाबद्दलचे कुतूहल जे मागे लागले ते लागलेच. गेल्या पावसाळ्यात माळा गळू लागला, पेटी खाली काढावी लागली आणि बुटांवर पांढरी बुरशी आलेली पाहिली. त्या बुटांची डागडुजी करता करता त्या माणसाचे चरित्र पुन्हा एकदा वाचून काढले. वाचकांपुढे ठेवतो आहे ते त्याचेच सार. वीरचरित्र म्हणून मी ते वाचले नाही. ते माझ्याने होणारही नाही.

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ साली आयर्लंडात झाला. त्याच साली नेपोलियनही जन्मला. घराणे सरदाराचे, पण पैशाने तुटलेले. आडनाव मूळचे वेस्ली. ते १७९८ च्या सुमारास वेलस्ली असे लांबवून घेण्यात आले. बाप लवकर गेला. थोरला भाऊ रिचर्ड हुशार, हा चौथ्या-पाचव्या नंबरचा मुलगा अगदीच सामान्य. ईटनच्या शाळेत काही चमक दाखवली नाही. तेव्हा आईने त्याला १७८६ साली फ्रान्समधल्या आंजे गावी घोडेस्वारीच्या शाळेत धाडले. तिथे तो फ्रेंच शिकला आणि घोड्यावर बसायला शिकला. पुढे ज्या फ्रेंचांशी उभा जन्म लढायचे त्यांच्याच घरी त्याने ही विद्या घेतली. गंमत अशी की, इतके शिकूनही त्याची बैठक डौलदार कधीच झाली नाही. त्याच्याबरोबर शिकारीस जाणारे लोक सांगत की तो धाडसी स्वार होता, पण चांगला नव्हे. शिकारीत पडतही असे. मात्र पंधरा-पंधरा तास खोगिरावर काढण्याची त्याची तयारी असे, आणि लढाईच्या दिवशी उपयोगी पडते ती हीच गोष्ट.

तरुणपणी त्याला व्हायोलिनचा छंद होता. किटी पॅकनम नावाच्या मुलीला मागणी घातली, ती तिच्या घरच्यांनी नाकारली. त्याच सुमारास, १७९३ साली, त्याने आपली व्हायोलिने जाळून टाकली आणि पलटणीत मन घातले. पुढे हिंदुस्थानातून परतल्यावर १८०६ साली त्याने त्याच किटीशी लग्न केले आणि दोघेही सुखी झाली नाहीत. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

पहिली लढाई त्याने १७९४ साली हॉलंडात पाहिली. तिथे इंग्रज फौजेचे जे हाल झाले ते शत्रूपेक्षा थंडीने, उपासमारीने आणि अव्यवस्थेने झाले. शिपायांना धड पादत्राण नव्हते. त्या मोहिमेत काय करू नये हे आपण शिकलो, असे तो पुढे म्हणत असे. त्याचा पुढचा सारा जन्म पाहिला म्हणजे ते खरेच वाटते. शिपायाला सर्वांत आधी काय हवे, तर एक चांगला जोडा. त्यानंतर दुसरा जोडा. आणि त्यानंतर तळ बदलायला जादा कातडे, असे त्याचे मत सांगतात. मोठ्या सेनापतीच्या तोंडी असे क्षुल्लक बोलणे शोभत नाही असे कोणाला वाटेल. पण मी असईचा नकाशा जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा मला हेच बोलणे आठवले.

तो १७९७ साली कलकत्त्यास उतरला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ गव्हर्नर-जनरल होऊन आला, तेव्हा वशिल्याची वाण उरली नाही. टिपूचा १७९९ साली श्रीरंगपट्टणला पाडाव झाल्यावर त्या शहराचा कारभार याच्याकडे आला. टिपूच्या राज्यात तोफा ओढणाऱ्या बैलांची अमृतमहाल नावाची पैदास होती. ती याने हाती घेतली आणि मराठ्यांवरची पुढची मोहीम त्या बैलांच्या जोरावर काढली. बैल किती, त्यांना वैरण कोठून, तांदूळ किती दिवसांचा, दारूचे पिंप किती, नदी उतरायला नावा कशाच्या, हे तो स्वतः लिहून काढी. कातड्याने मढवलेल्या टोपल्यांच्या नावा आधीच तयार करून ठेवण्याविषयी त्याने धाडलेले हुकूम आजही वाचायला मिळतात. आमच्या तोफा त्याच्या तोफांपेक्षा कमी नव्हत्या, गोलंदाज तर सरसच होते. आमच्याकडे हे लिहून काढणारा कोणी नव्हता. आमच्या खापरपणजोबांसारखे कारकून काय ते होते, आणि त्यांचे कोण ऐकतो?

याच काळातली एक गोष्ट त्याच्या पारड्यात टाकली पाहिजे. धोंडजी वाघ म्हणून एक बंडखोर टिपूनंतर त्या मुलखात धुमाकूळ घालीत होता. त्याचा १८०० च्या सप्टेंबरात याने पाठलाग करून नाश केला. धोंडजीच्या सामानात त्याचा लहानगा मुलगा सापडला. वेलस्लीने त्याला आपल्याजवळ ठेवले, आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे बाजूला काढून दिले. आजीला ही गोष्ट मी सांगितली असती तर ती काय म्हणाली असती, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

वसईच्या तहाने बाजीराव इंग्रजांच्या कह्यात गेला, त्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी वेलस्ली १८०३ च्या एप्रिलात पुण्यास आला. शहर जाळले जाणार अशी बातमी होती म्हणून शेवटची सुमारे ६० मैलांची मजल घोडदळ घेऊन त्याने दीड दिवसाच्या आत मारली. ऑगस्टात त्याने अहमदनगर घेतले, आणि २३ सप्टेंबरला असईला आला. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि भोसले यांची फौज पसरली होती. सोबतची दुसरी इंग्रज फौज यायची होती; याच्या हाताशी लढायला फार तर पाच हजार माणूस. वाटाडे सांगत होते की नदीला उतार नाही. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे याने दुर्बिणीतून पाहिली. दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत तर त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला, आणि तो बरोबर निघाला. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. दोन्ही राजे घोडदळासह मैदान सोडून गेले. शिंद्यांचे गोलंदाज मात्र तोफांपाशीच कापले गेले; काहीजण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पाठीमागून त्यांनी पुन्हा तोफा डागल्या. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. वेलस्लीची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. त्याचा एक घोडा गोळी लागून पडला, डायोमेड नावाच्या दुसऱ्याला भाल्याची जखम झाली. पुढे ज्यांना पुण्याचे लोक अल्पिष्टन म्हणून ओळखू लागले ते एल्फिन्स्टनसाहेब त्या दिवशी घोड्यावर त्याच्याबरोबर होते. म्हातारपणी कोणी त्याला आयुष्यातली सर्वांत उत्तम लढाई कोणती असे विचारले, तर त्याने वॉटर्लू म्हटले नाही, असई म्हटले.

नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. दिल्ली, आग्रा, अंतर्वेद शिंद्यांच्या हातून गेले. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी टाकली. तीच ही आपली लष्कर. आज ज्या रस्त्यांनी आपण भाजी आणायला जातो ते रस्ते त्या छावणीच्या तंबूंच्या रांगांतून निघाले आहेत. तेव्हा वेलस्लीशी आपला संबंध पुस्तकापुरता नाही.

हिंदुस्थानातून तो १८०५ मध्ये गेला, आणि इथून पुढे त्याच्या चरित्रात माझे बूट येतात. पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये नेपोलियनच्या सेनापतींशी १८०८ पासून १८१४ पर्यंत तो लढला. टॅलव्हेराच्या लढाईनंतर १८०९ मध्ये त्याला सरदारकी मिळाली, तेव्हा पदवीसाठी गाव कोणते घ्यावे हा प्रश्न आला. तो स्वतः दूर, म्हणून एका भावाने निवड केली: सॉमरसेट परगण्यातले वेलिंग्टन, कारण ते घराण्याच्या नावाशी जुळते. अशा रीतीने आजीचा वेलस्ली पणजोबांचा विलिंग्टन झाला.

पोर्तुगालच्या सरहद्दीवर फ्रेनेडा नावाचे लहानसे खेडे आहे. तिथे १८११-१२ आणि १८१२-१३ असे दोन हिवाळे त्याचा मुक्काम होता. बर्फाने आणि चिखलाने लढाया बंद पडत. तेव्हा याने इंग्लंडहून शिकारी कुत्र्यांचा एक जथा मागवला आणि खोकडाची शिकार सुरू केली. इथे एक शब्द नीट केला पाहिजे. शाळेच्या पुस्तकांतून इंग्रजी फॉक्सला आपण सर्रास कोल्हा म्हणतो. कोल्हा तो निराळा. इंग्रजांचा तो तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी आपल्या माळरानावरच्या खोकडाचा थोरला भाऊ. हिंदुस्थानातल्या छावण्यांतून मात्र इंग्रजांना खोकडावाचून कोल्ह्यावरच भागवावे लागे. उटकमंडला तर कोल्ह्यामागे कुत्रे घालण्याची मोठी प्रथाच पडली. मोरारच्या त्या अनामिक अंमलदाराचे बूट बहुधा कोल्ह्यामागेच धावले असतील.

तर फ्रेनेडाला आठवड्यातून दोन-तीन दिवस सेनापती हॅटफील्डच्या सॅलिस्बरी घराण्याच्या शिकारी मंडळाचा आकाशी निळा अंगरखा घालून निघे. बरोबर तरुण अंमलदार. कुत्रे खोकडाचा वास काढीत पुढे, घोडी मागे. मुलूख खडकाळ, खोकड नदीकाठच्या कपारीत शिरला की शिकार संपली. त्यामुळे हाती फारसे काही लागत नसे. पण त्याला त्याची पर्वा नव्हती. दौड झाली की झाले. शिकारीच्या दिवशी त्याची तबियत खुशीत असे, म्हणून लोक आपली कामे त्याच्यापुढे न्यायला तोच दिवस साधत. परतल्यावर मात्र पुन्हा कागद, पुन्हा बैल, खेचरे, बिस्किटे, जोडे.

शिकारीचा बूट म्हणजे काय चीज असते हे माझ्या मोच्याने मला शिकवले, आणि राहिलेले मी वाचून जमवले. हा बूट वासराच्या कातड्याचा. जुन्या पद्धतीत कातड्याची मांसाकडची बाजू बाहेर घेत, आणि तिच्यात काजळ, चरबी व मेण जिरवून ती काळी करीत. बाभळी-काटेरी कुंपणातून घोडा गेला की बुटावर ओरखडे उठत. घरी आल्यावर हरणाच्या नळीचे गुळगुळीत हाड घेऊन नोकर तो बूट जोर लावून घोटत बसे. घोटता घोटता आत जिरलेली चरबी वर येई, ओरखडा बुजे आणि कातड्यावर आरशासारखी तकाकी चढे. त्याआधी चिखल थंड पाण्याने धुवायचा, गरम पाणी वर्ज्य. मग आत लाकडी पाय घालून सावलीत वाळवायचा. आतून फारच भिजला असेल तर रात्रभर ओट धान्य भरून ठेवीत, ते ओल शोषून घेई. शेगडीजवळ बूट नेणारा नोकर त्या घरात टिकत नसे. वरची तपकिरी पट्टी म्हणजे पूर्वीच्या मऊ बुटाचा दुमडलेला काठ. दुमडल्यामुळे आतली न रंगवलेली बाजू दिसे. पुढे दुमडणे गेले आणि ती पट्टी शोभेसाठी उरली. तिला साफ करण्याचे ज्याचे त्याचे गुप्त नुस्खे असत. ब्रमेल नावाचा त्या काळचा एक प्रसिद्ध नटवा आपल्या बुटांच्या काळ्या रंगात शॅम्पेन दारू घालवतो अशी वदंता होती. खरा काळा रंग हाडांचा कोळसा, काकवी, शिर्का आणि थोडे तेजाब यांचा होई. त्या तेजाबाने टाके कुजत. लंडनच्या अशाच काळ्या रंगाच्या कारखान्यात बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स १८२४ साली बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत होता.

आणि असा बूट मिळवणे हे त्याहून कठीण. बाजारात जाऊन पायात घातला आणि आणला, असे ते काम नाही. चांगला कारागीर गिऱ्हाइकाच्या पावलाचे लाकडी कलबूत कोरून ठेवी आणि दर वेळी त्याच्यावरच जोड बांधी. पाऊल, पोटरी आणि उंची ही तीन मापे जुळली पाहिजेत. उंची तर जरा जास्तच धरावी लागते, कारण नवा बूट घोट्यापाशी वळ्या पडून खाली बसतो. जुना बूट दुसऱ्याचा घ्यायचा तर आधी टाके आणि घोट्याजवळची चीर पाहायची, आणि लाकडी पाय त्याच बुटाचे आहेत ना हे पाहायचे. पणजोबांनी लाकडी पाय पाहिले, टाके पाहिले आणि पोटरी पाहायची विसरले.

वेलिंग्टनचा मोची लंडनमध्ये सेंट जेम्स रस्त्याच्या कोपऱ्यावर होता. त्याचे नाव होबी. शेकडो कामगार त्याच्या हाताखाली. फावल्या वेळात तो मेथडिस्ट पंथाचे प्रवचनही करी. व्हिटोरियाच्या विजयाची बातमी १८१३ मध्ये लंडनला आली तेव्हा, सेनापतीच्या यशाचे कारण आपले बूट आणि आपली प्रार्थना हेच होय, असे त्याने गिऱ्हाइकांना ऐकवले, अशी आख्यायिका आहे. त्या काळी अंमलदार हेसियन बूट वापरीत. जर्मनीतल्या हेस प्रांतावरून ते नाव. त्यांना पुढे खाच आणि खाचेत गोंडा. तंग विजारीवर ते ठीक दिसत. पण सैल पाटलोणीची टूम निघाली तेव्हा गोंडा आणि गोट पाटलोणीखाली अडचण करू लागले. वेलिंग्टनने होबीला सांगितले की गोंडा काढ, गोट काढ, टाच बुटकी कर आणि कातडे पायाबरोबर जाऊ दे. घोड्यावर चालेल आणि जेवणाच्या मेजावरही चालेल असा साधा बूट निघाला. त्याला लोक वेलिंग्टन म्हणू लागले.

ब्रसेल्सहून ११ एप्रिल १८१५ ला त्याने होबीला पाठवलेली चिठ्ठी प्रसिद्ध आहे. नेपोलियन एल्बातून निसटून पॅरिसला पोचला होता, सारे युरोप हादरले होते. आणि हा सेनापती लिहितो आहे की मागचे बूट पोटरीत तंग झाले आणि उंचीला दीड इंच कमी भरले, तरी दुरुस्त करून आणखी दोन जोड धाडावे. हे वाचताना मी माळ्यावरच्या पेटीकडे पाहून मोठ्याने हसलो. पोटरीने दगा दिलेले आमचे पणजोबा एकटेच नव्हते.

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ ला झाली. तिच्यावर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले आहे. मी एवढेच सांगतो की त्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत तो कोपनहेगन नावाच्या एकाच तांबूस घोड्यावर होता. उतरल्यावर त्याने घोड्याच्या पुठ्ठ्यावर कौतुकाने थाप मारली, तर त्या घोड्याने अशी लाथ झाडली की नेपोलियनला जमले नाही ते तिथे घडता घडता राहिले. हॅम्पशायरमधल्या त्याच्या इस्टेटीवर हा घोडा १८३६ मध्ये मेला. त्याला लष्करी इतमामाने पुरले. पुरताना मालकाच्या ध्यानात आले की एक खूर कोणीतरी आठवण म्हणून कापून नेला आहे, आणि तो संतापला.

त्याच्या राजकारणाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात तो मला रुचत नाही. तो १८२८ ते १८३० पंतप्रधान होता. कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क १८२९ मध्ये त्याने मिळवून दिला. त्यापायी एका सरदाराशी पिस्तुलांचे द्वंद्वही खेळला. पण मताधिकार वाढवण्याला त्याने विरोध केला, तेव्हा लंडनच्या जमावाने त्याच्या घराच्या खिडक्या फोडल्या. त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. लोखंडी ड्यूक हे नाव त्या झडपांनी पक्के केले.

या बड्या माणसाची दाढी न्हावी करीत नसे. दाढी तो स्वतः करी, कपडे स्वतः झटकी, आणि बूट स्वतः घासायला वेळ मिळत नाही याची खंत करी, असे त्याच्या निकटच्यांनी नोंदवून ठेवले आहे. वॉल्मरच्या किल्ल्यात तो साध्या लोखंडी छावणी-खाटेवर निजे. तिथेच १४ सप्टेंबर १८५२ ला खुर्चीत बसल्या बसल्या तो वारला. ती खुर्ची, ती खाट आणि बुटांचा एक जोड त्या किल्ल्यात पाहायला ठेवलेला आहे. नोव्हेंबरात लंडनला अंत्ययात्रा निघाली. तोफा वितळवून केलेला रथ इतका अवजड होता की रस्त्यात चाके रुतली आणि तो हलवायला माणसे लावावी लागली. बैलांचे वजन आणि चाकांची रुंदी पाहिल्यावाचून एक तोफही न हलवणाऱ्या माणसाची ही शेवटची यात्रा! रथामागून त्याचा रिकामा घोडा चालवला होता, आणि रिकिबीत त्याचे बूट उलटे, टाचा पुढे करून अडकवले होते.

त्याच सुमारास एका अमेरिकन माणसाने रबर पक्के करण्याच्या गुडइयरच्या कृतीचा हक्क घेऊन फ्रान्समध्ये १८५३ साली रबरी बूट काढले. पहिल्या महायुद्धात एडिंबरोच्या एका कारखान्याने खंदकातल्या शिपायांसाठी ११ लाखांहून अधिक जोड पुरवले. इंग्लंडात त्या रबरी बुटालाही वेलिंग्टनच म्हणतात. आपल्याकडे गटारे उपसणारे नगरपालिकेचे कामगार तो घालतात आणि आपण त्याला गमबूट म्हणतो. कुत्र्यांनी खोकडाची शिकार करण्यावर मात्र स्कॉटलंडमध्ये २००२ चा आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००४ चा कायदा झाला. ठिकठिकाणची मंडळी लाल कोट आणि काळे बूट चढवून त्यानंतरही निघत राहिली, ती आधी घालून ठेवलेल्या कृत्रिम वासामागे.

आता माझा अपराध कबूल करतो. बुरशी पाहिल्यावर मी घाईने ओले फडके फिरवले आणि दोन्ही बूट गच्चीवर उन्हात ठेवले. ऑक्टोबरातले ग्वाल्हेरचे ऊन! संध्याकाळी डाव्या बुटाला घोट्यापाशी बोटभर चीर पडलेली. दुसऱ्या दिवशी बाड्याजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या मोचीचाचांकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी मला बरेच ऐकवले. भाऊसाहेब, तुम्ही स्वतः दुपारभर गच्चीवर बसला असता का, अशा अर्थाचे ते बोलणे होते. मग बूट उलटा करून पाहिला. तळ जवळजवळ नवा, पण आतल्या बाजूची पोटरी खोगिराला घासून गुळगुळीत झालेली, आणि टाचेवर आरेच्या पट्ट्याची खूण. हा माणूस चालला नाही, बसला, असे त्यांनी निदान केले. मेणात थोडे एरंडेल घालून ते त्यांनी बोटांनी दोन दिवस जिरवले. हरणाचे हाड त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी शिसवीच्या गुळगुळीत दांड्याने घोटले. तकाकी आली. चिरेला आतून पातळ ठिगळ लावावे लागेल, पण कातडे मऊ पडल्यावाचून आरी लावणार नाही, असे म्हणून त्यांनी काम पुढे ढकलले आहे.

जोड पुन्हा माळ्यावर न्यायला मन होईना. बैठकीत ठेवावा म्हटले, तर तिथे भिंतीवर वंशावळ आहे आणि तिच्यात असईस गेलेल्या त्या कारकुनाचे नाव आहे. धाकट्या बहिणीने चक्क नको म्हटले. आजीचा स्वभाव तिच्यात उतरला आहे. शेवटी जिन्याखालच्या कोनाड्यात लाकडी पायांवर उभा केला आहे. तिथे ऊन येत नाही. पाऊस लागला की दर आठ दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसायचा, हे मी पंचांगाच्या कडेला लिहून ठेवले आहे. मोचीचाचांनी संक्रांतीनंतर बोलावले आहे.